गायकाचे नाव छापले, वादकांचे कुठे गेले? मार्विन गे यांचे एक गाणे कानाने वाचताना

कृष्णवर्णीय अमेरिकेशी असलेले आपले नाते आपल्याला बहुतेक कागदावरूनच ठाऊक आहे. १९४६ साली बाबासाहेबांनी डब्ल्यू. ई. बी. डु बॉईस यांना लिहिलेले पत्र आणि १९७२ साली ब्लॅक पँथरवरून नाव घेऊन मुंबईत उभी राहिलेली दलित पँथर हे संदर्भ आपल्या भाषणांत नेहमी येतात. पण त्या समाजाचा आवाज, म्हणजे प्रत्यक्ष ध्वनी, आपल्यापैकी किती जणांनी लक्ष देऊन ऐकला आहे?

आमच्या वस्तीतल्या अभ्यासिकेत दर रविवारी संध्याकाळी आम्ही दहा-बारा जण बसतो. एखादा लेख वाचतो, एखादी फिल्म पाहतो, त्यावर बोलतो. एका रविवारी आम्ही मार्विन गे यांचे ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ हे गाणे लावले. पोलिसी अत्याचार, युद्ध आणि घरातली दरी यांवरचे हे १९७१ सालचे गाणे. आम्ही चर्चेची तयारी केली होती ती गाण्याच्या आशयावर. पण गाणे संपल्यावर बारावीतल्या एका मुलाने विचारले, “गातोय मार्विन, ते कळलं. पण वाजवतंय कोण?”

आमच्याकडे उत्तर नव्हते. उत्तर शोधायला गेलो तेव्हा कळले की ज्या कंपनीने ही रेकॉर्ड काढली, तिने कित्येक वर्षे या प्रश्नाचे उत्तर कव्हरवर छापलेच नव्हते. मग पुढचे चार रविवार आम्ही हे एकच गाणे पुन्हा पुन्हा ऐकले. कोणते वाद्य कुठे आहे, ते कोणी वाजवले, स्टुडिओत काय केले गेले, हे कानाने आणि नोंदींच्या आधारे कसे ओळखायचे, ते जे शिकलो ते इथे मांडत आहोत. संगीताचे शिक्षण आमच्यापैकी कोणाचेही झालेले नाही. त्यामुळे हा लेख वाचायलाही ते लागणार नाही.

गाण्यामागचा काळ

अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहरात बेरी गॉर्डी या कृष्णवर्णीय तरुणाने घरच्यांकडून ८०० डॉलर उसने घेऊन १९५९ साली रेकॉर्ड कंपनी सुरू केली. तीच पुढे मोटाउन म्हणून ओळखली गेली. वेस्ट ग्रँड बुलेव्हार्डवरचे एक साधे दुमजली घर त्यांनी विकत घेतले आणि त्यात स्टुडिओ थाटला. घराच्या दर्शनी भागावर पाटी लावली, ‘हिट्सव्हिल यूएसए’. त्या छोट्या खोलीतून निघालेली गाणी पुढे अमेरिकेत गोऱ्या-काळ्या दोघांच्याही घरात वाजली.

१९६७ च्या जुलैमध्ये पोलिसांच्या एका धाडीनंतर याच डेट्रॉइटमध्ये मोठा उठाव झाला आणि त्यात ४३ माणसे मेली. १५ मे १९६९ रोजी कॅलिफोर्नियातल्या बर्कली येथे पीपल्स पार्कमध्ये पोलिसांनी आंदोलक तरुणांवर बळाचा वापर केला. तिथून जाताना हे दृश्य ‘फोर टॉप्स’ या गायकसमूहातले रेनाल्डो ‘ओबी’ बेन्सन यांनी पाहिले. हे काय चालले आहे, हा प्रश्न त्यांना पडला आणि त्यातून गाण्याची कल्पना निघाली. अल क्लीव्हलँड यांच्यासोबत त्यांनी ती आकाराला आणली. पुढे मार्विन गे यांनी त्यात स्वतःचे शब्द आणि सूर घातले. मार्विन यांचा भाऊ फ्रँकी व्हिएतनाम युद्धातून परतला होता. त्यांच्यासोबत युगुलगीते गाणारी टॅमी टेरेल मार्च १९७० मध्ये अवघ्या २४ व्या वर्षी गेली होती. अशा मनःस्थितीत जून १९७० मध्ये या गाण्याचे ध्वनिमुद्रण सुरू झाले.

गॉर्डी यांना हे गाणे बाजारात नको होते. मार्विन हटले नाहीत. जानेवारी १९७१ मध्ये रेकॉर्ड निघाली. बिलबोर्डच्या मुख्य यादीत ती दुसऱ्या आणि सोल संगीताच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेली. त्यानंतर मे महिन्यात याच नावाचा पूर्ण अल्बम आला.

ऐकायचे कसे?

पहिली अट अशी की मोबाईलच्या स्पीकरवर ऐकू नका. बेस गिटारच्या सर्वांत जाड तारेचा मूळ सूर सेकंदाला साधारण ४१ कंपनांचा असतो. मोबाईलचा चिमुकला स्पीकर इतका खालचा सूर नीट काढूच शकत नाही. म्हणजे गाण्यातला सर्वांत मोठा वादक तुम्हाला धड ऐकूच येणार नाही. साधे वायरवाले इअरफोन चालतील, पण दोन्ही कानांत घाला.

दुसरी अट म्हणजे एका वेळी एकच गोष्ट ऐका. गाणे चार मिनिटांच्या आतले आहे. पाच वेळा ऐकले तरी वीस मिनिटे लागतात. आम्ही प्रत्येक फेरीला एक प्रश्न ठरवला आणि वहीत वेळ लिहीत गेलो: अमुक सेकंदाला अमुक आवाज. गाण्याची अशी हजेरी घेतली की त्यात किती माणसे आहेत ते लक्षात यायला लागते.

पहिली फेरी: गप्पा आणि सॅक्सोफोन

गाणे वाद्याने सुरू होत नाही. ते माणसांच्या बोलण्याने सुरू होते. काही जण भेटतात, एकमेकांची विचारपूस करतात. कोणाच्या तरी घरी लोक जमले आहेत असे वाटते. हे खरोखरच मार्विन यांचे मित्र आणि सहकारी होते. त्यांत मेल फार आणि लेम बार्नी हे डेट्रॉइट लायन्स संघाचे दोन नामवंत फुटबॉलपटूही होते. त्यांना स्टुडिओत बोलावून गप्पा मारायला लावल्या आणि ते मुद्रित केले. इथे गप्पा हेच एक वाद्य आहे. लढ्याचे गाणे घोषणेने सुरू न होता चौकशीने सुरू होते, हा निर्णय आम्हाला फार महत्त्वाचा वाटला.

त्यावर येतो तो सॅक्सोफोन. सॅक्सोफोन पितळेचा असला तरी त्याच्या तोंडाशी बोरूची पातळ पट्टी असते आणि ती थरथरून सूर निघतो. म्हणून त्याचा आवाज ट्रम्पेटसारखा टणक नसतो. त्याला माणसाच्या घशासारखी घोगरी किनार असते. सॅक्सोफोनचे अनेक आकार असतात. टेनर भरदार आणि खालचा असतो, आल्टो आकाराने लहान, वरचा आणि पातळ असतो. इथे आहे तो आल्टो, आणि वादक आहेत इलाय फॉन्टेन. या सुरावटीची हकिकत मोटाउनच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. फॉन्टेन मुद्रणाआधी हात मोकळा करण्यासाठी सहज वाजवत होते आणि टेप चालू होती. ते खऱ्या वादनाला सज्ज झाले तेव्हा मार्विन यांनी त्यांना सांगितले की हवे ते मिळाले आहे, तुम्ही घरी गेलात तरी चालेल. ‘सहज’ वाजवलेलेच गाण्याच्या तोंडाशी बसले.

दुसरी फेरी: बेस, म्हणजे जेम्स जेमरसन

आता आवाज थोडा वाढवा आणि फक्त तळाशी लक्ष द्या. पायाने वाजणारा मोठा ड्रम आणि बेस गिटार दोन्ही खालचे, त्यामुळे सुरुवातीला गोंधळ होतो. ओळखण्याची खूण अशी की ड्रमचा ठोका एकाच जागी पडून विरतो, बेसला चाल असते. तो वर जातो, खाली येतो, म्हणजे तो गुणगुणता येतो. या गाण्याचा बेस गुणगुणून पाहा. तो गायकाच्या चालीशी बोलत जाणारी दुसरी चाल आहे, हे लगेच कळेल. गायक थांबला की तो हलतो, गायक आला की तो जागा देतो.

हा बेस वाजवला जेम्स जेमरसन यांनी. जन्म १९३६, साउथ कॅरोलायना. तरुणपणी डेट्रॉइटला आले. मूळचे जॅझचे वादक, आधी उभा बेस वाजवायचे. मोटाउनमध्ये त्यांच्या हातात असायचा १९६२ चा फेंडर प्रिसिजन बेस. त्याचा आवाज गोल आणि दबका का वाटतो, याची तीन कारणे आहेत. पहिले, त्यावर जाड आणि गुळगुळीत वेटोळ्यांच्या तारा होत्या. खरखरीत तारांना असते तशी झणझणीत धार या तारांना नसते. दुसरे, तारांच्या टोकाशी फोमचा तुकडा असायचा. त्यामुळे सूर लांबत न राहता लवकर मिटतो. तबल्यावर तळवा ठेवला की आस मिटते, तसेच काहीसे. तिसरे कारण बोट. जेमरसन उजव्या हाताच्या फक्त तर्जनीने वाजवत. त्या बोटाला सहकाऱ्यांनी ‘हुक’, म्हणजे आकडा, असे नावच दिले होते. एकाच बोटाने इतक्या चपळ जागा घेणारा माणूस डोळ्यांसमोर आणा आणि पुन्हा ऐका.

यात स्टुडिओचाही वाटा आहे. त्या काळी बेस गिटार बहुधा ॲम्प्लिफायरला जोडत आणि ॲम्प्लिफायरसमोर माईक ठेवत. खोली लहान असेल तर तो आवाज ड्रमच्या माईकमध्येही शिरतो आणि सगळे मिसळून जाते. मोटाउनच्या अभियंत्यांनी गिटार आणि बेस थेट मिक्सिंगच्या टेबलाला जोडण्याची सोय स्वतः तयार केली होती. म्हणून इतक्या गर्दीतही जेमरसन यांचा प्रत्येक सूर सुटा ऐकू येतो.

या मुद्रणाची एक कथा सांगितली जाते. मार्विन यांनी जेमरसन यांना एका क्लबमधून शोधून आणले. ते इतके प्यायलेले होते की त्यांना स्टुलावर बसणे जमेना. शेवटी जमिनीवर उताणे पडून त्यांनी हा बेस वाजवला. ही कथा तरुणांना मजेशीर वाटते, आमच्याकडेही सगळे हसले. पण व्यसनमुक्तीचे काम करणाऱ्यांना ती ऐकून हसू येत नाही. हेच दारूचे व्यसन पुढे त्या माणसाला संपवायला कारण झाले. प्रतिभा दारूमुळे आली नव्हती. ती दारू असूनही टिकली होती, जोवर टिकली तोवर.

तिसरी फेरी: हात, कातडे, काठी

आता ताल. इथे आपले कान पाश्चात्त्य श्रोत्यापेक्षा तयार आहेत, कारण आपण ढोलकी-हलगी ऐकत वाढलो. काठीने वाजवलेले कातडे आणि हाताने वाजवलेले कातडे यांतला फरक आपल्याला न शिकवता कळतो. काठीचा ठोका कोरडा आणि टोकदार येतो. हाताच्या थापेला आधी मांसल स्पर्श असतो आणि मग सूर उमटतो.

काठ्यांनी वाजतो तो ड्रमसेट, वादक चेट फॉरेस्ट. ते मोटाउनचे नेहमीचे ड्रमर नव्हते, मोठ्या जॅझ वाद्यवृंदात वाजवणारे होते. मोटाउनच्या जुन्या गाण्यांत दुसऱ्या-चौथ्या मात्रेवर जोरदार ठोका असायचा. इथे तो हलका आहे, गाणे ढकलले जात नाही तर तरंगते. हाताने वाजतात ते कोंगा आणि बोंगो. कोंगा उंच, पिंपासारखा आणि खोल आवाजाचा. बोंगो म्हणजे लहान जोडी, आवाज टिचकीसारखा. मोटाउनमध्ये हे काम एडी ‘बोंगो’ ब्राउन करत. टॅम्बोरिनसारखी छोटी तालवाद्ये जॅक ॲशफर्ड यांच्याकडे असत. नीट ऐकलेत तर चुटक्याही ऐकू येतील, बोटांच्या साध्या चुटक्या.

गिटार शोधायला आम्हाला सर्वांत जास्त वेळ लागला, कारण ती चाल वाजवत नाही. ती छोट्या तुटक छेडींनी तालात भर घालते. रॉबर्ट व्हाइट आणि जो मेसिना हे दोन गिटारवादक अल्बमच्या यादीत आहेत. पियानो आणि इतर कळवाद्यांसाठी स्वतः मार्विन, अर्ल व्हॅन डाइक आणि जॉनी ग्रिफिथ यांची नावे आहेत. व्हायब्राफोन, म्हणजे धातूच्या पट्ट्यांवर मऊ काठ्यांनी वाजवायचे वाद्य, जॅक ब्रोकेन्शा यांचे. इथे एक सावधगिरी हवी. ही यादी पूर्ण अल्बमची आहे. यादीतला प्रत्येक जण प्रत्येक गाण्यात असतोच असे नाही. अल्बममधल्या काही गाण्यांवर बेसही जेमरसन यांचा नाही, बॉब बॅबिट यांचा आहे. त्यामुळे यादीत नाव दिसले म्हणून ‘हाच तो आवाज’ असे लगेच म्हणू नये.

चौथी फेरी: नंतर आलेली माणसे

मधल्या भागात व्हायोलिनचा थर उमटतो, लांब आणि ओघळता. ही माणसे पहिल्या दिवशी त्या खोलीत नव्हती. हे कसे शक्य आहे? तर टेपच्या पट्ट्यांमुळे. एका रुंद टेपवर शेजारी शेजारी वेगळ्या पट्ट्यांत आवाज साठवता येतो, त्यांना ट्रॅक म्हणतात. साठच्या दशकाच्या मध्याला मोटाउनच्या अभियंत्यांनी आठ ट्रॅकचे यंत्र स्वतः घडवले. आधी तालाचा गट मुद्रित करायचा, मग ते ऐकत गायकाने गायचे, त्यानंतर व्हायोलिनवाल्यांनी वाजवायचे, आणि शेवटी सगळे एकत्र करायचे. शेतात एक पाळी आटोपल्यावर दुसरी यावी, तसे हे काम चालते.

व्हायोलिन आणि इतर वाद्यांचे स्वरलेखन डेव्हिड व्हॅन डिपिट यांनी केले. वाजवणारे डेट्रॉइट सिम्फनी ऑर्केस्ट्रातले वादक होते आणि त्यांचे नेतृत्व गॉर्डन स्टेपल्स करत. मार्विन यांना कागदावर स्वर लिहिता येत नसत. ते गाऊन आणि पियानोवर दाखवून सांगत, व्हॅन डिपिट लिहून घेत. म्हणजे डोक्यातले संगीत एकाचे आणि लेखणी दुसऱ्याची. कव्हरवर दोघांनाही जागा मिळायला हवी, आणि या अल्बमवर ती मिळाली.

पाचवी फेरी: एका गायकाचे दोन आवाज

आता फक्त मार्विन यांचा आवाज ऐका. तो एक नाही. एकाच वेळी दोन मार्विन गात आहेत. दोघे कधी एकत्र चालतात, कधी एक जण ओळ आधी संपवतो आणि दुसरा रेंगाळतो.

याचे मूळ एका योगायोगात आहे. मार्विन यांनी मुख्य गायन दोनदा केले होते. कोणते चांगले हे ठरवायला त्यांनी अभियंते केनेथ सँड्स यांच्याकडे दोन्ही मागितली. दोन्ही एकाच वेळी वाजली. मार्विन यांनी ते ऐकले आणि तसेच ठेवायचे ठरवले. पुढे स्वतःच्याच आवाजाचे थर रचणे ही त्यांच्या गायनाची ओळख बनली.

दोनदा खरोखर गायलेला आवाज आणि यंत्राने दुप्पट केलेला आवाज यांतला फरक कानाला कळतो. १९६६ साली लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत केन टाउनसेंड या अभियंत्याने बीटल्ससाठी एकाच गायनाची किंचित मागे सरकवलेली नक्कल मूळ गायनाला जोडण्याची युक्ती काढली. त्यात दोन्ही आवाजांचा उच्चार, श्वास आणि चढउतार अगदी एकसारखे असतात, फक्त पोत जाड होतो. खऱ्या दुहेरी गायनात शब्दांची शेवटची टोके जुळत नाहीत. एका आवाजात हरकत असते, दुसऱ्यात नसते. ‘व्हॉट्स गोइंग ऑन’मध्ये टोके जुळत नाहीत. तिथेच कान ठेवा.

प्रतिध्वनीही ऐका. आवाजाभोवती मोठ्या रिकाम्या जागेचा भास आहे, स्टुडिओची खोली मात्र लहान होती. हिट्सव्हिलच्या घरात माळ्यावर एक प्रतिध्वनीची जागा केलेली होती. मुद्रित आवाज तिथल्या स्पीकरवर वाजवायचा, भिंतींवर घुमलेला आवाज माईकने परत घ्यायचा आणि मूळ आवाजात हवा तेवढा मिसळायचा. विहिरीत तोंड घालून हाक मारावी तशी ही युक्ती.

आणि शेवटचा हात मिक्सिंगचा. हा अल्बम आधी डेट्रॉइटमध्ये मिक्स झाला होता. तो बाजूला ठेवून लॉस एंजेलिसमध्ये नवा मिक्स केला गेला आणि तोच बाजारात आला. २००१ सालच्या विशेष आवृत्तीत डेट्रॉइटचा मिक्सही दिला आहे. दोन्ही लागोपाठ ऐकले की माणसे तीच, वादन तेच, तरी कोण पुढे उभे आहे आणि कोण मागे हे बदललेले कळते. कोणाला पुढे उभे करायचे हे मिक्सिंगच्या टेबलावर बसलेला ठरवतो. समाजशास्त्रात आम्ही हेच वेगळ्या शब्दांत शिकलो होतो.

नावांचा प्रश्न

मोटाउनच्या या वादकांच्या गटाला ‘फंक ब्रदर्स’ म्हणतात. त्यांत बहुसंख्य कृष्णवर्णीय होते, मेसिना आणि बॅबिट यांच्यासारखे काही गोरेही होते. दिवसा स्टुडिओत आणि रात्री शहरातल्या जॅझ क्लबमध्ये ते वाजवत. कामाचे ठरलेले पैसे मिळत. रेकॉर्ड लाखोंनी खपली तरी विक्रीतला वाटा गायक, गीतकार, संगीतकार आणि कंपनीला जाई, वादकाला नाही. कव्हरवर नाव नाही, म्हणून बाहेर ओळखही नाही. ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ हा मोटाउनचा पहिला मोठा अल्बम, ज्यावर या वादकांची नावे छापली गेली. जेमरसन यांच्या नावाला तर खास गौरवाचे विशेषणही जोडले होते. कंपनी स्थापन झाल्यापासून मध्ये सुमारे बारा वर्षे गेली होती.

पुढच्याच वर्षी, १९७२ मध्ये, मोटाउनने आपला कारभार लॉस एंजेलिसला हलवला. डेट्रॉइटच्या बहुतेक वादकांचे हातातले काम गेले. जेमरसन तिकडे गेले, पण पहिली जागा परत मिळाली नाही. मार्च १९८३ मध्ये मोटाउनच्या पंचविशीचा भव्य कार्यक्रम झाला. त्यांच्या चरित्रात नोंद आहे की ज्यांच्या बोटावर ती गाणी उभी होती ते जेमरसन या कार्यक्रमाला बाहेरून तिकीट विकत घेऊन गेले आणि मागे बसले. २ ऑगस्ट १९८३ रोजी ४७ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. १९८९ साली ॲलन स्लुट्स्की यांनी त्यांच्यावर पुस्तक लिहिले, २००२ साली फंक ब्रदर्सवर माहितीपट आला. २००० साली रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमने साथीदार वादकांसाठी नवा विभाग सुरू केला तेव्हा पहिल्याच वर्षी जेमरसन यांची निवड केली. तोवर ते जाऊन सतरा वर्षे झाली होती.

नाव न छापल्याने आणखी एक नुकसान होते. लॉस एंजेलिसच्या नामवंत बेसवादक कॅरोल के यांनी मोटाउनच्या काही गाजलेल्या गाण्यांवरचा बेस आपला असल्याचे सांगितले. डेट्रॉइटच्या वादकांनी ते मान्य केले नाही. मोटाउन लॉस एंजेलिसमध्येही मुद्रण करत असे, त्यामुळे प्रश्न अधिकच गुंतला आणि वर्षानुवर्षे वाद चालला. इथे कोण खरे, हा निवाडा आम्ही करणार नाही. पण मुद्रण झाले त्याच दिवशी साधी यादी छापली असती तर वयस्कर कलावंतांना एकमेकांविरुद्ध साक्षी देत बसावे लागले नसते.

म्हणून ओळख पटवताना तीन पुरावे ताडून पाहावे लागतात: कान, कागद आणि माणसाची आठवण. कान वाद्य सांगतो, वादकाबाबत फक्त अंदाज देतो. कागद म्हणजे मुद्रणाची नोंदवही, पैसे दिल्याची पावती, कव्हर. आठवण मौल्यवान असते, पण चाळीस वर्षांनी ती सरमिसळ होते. तिन्ही एकाच ठिकाणी येऊन भेटली तरच खात्रीने नाव लिहावे. दोनच भेटली तर ‘बहुधा’ लिहावे.

आता आपल्या घरातली पेटी उघडू

चौथ्या रविवारी आमच्यातली एक मुलगी घरून जुनी कॅसेट घेऊन आली. भीमगीतांची, नव्वदच्या दशकातली. आतल्या कागदावर गायकाचा फोटो, गीतकाराचे नाव, कंपनीचा पत्ता. तिचे वडील त्यात ढोलकी वाजवतात. त्यांचे नाव कुठेच नाही. ती म्हणाली, “पप्पांना विचारलं, तुम्हाला राग नाही आला? तर म्हणाले, एका दिवसाची हजेरी मिळाली होती, नाव कोण देतंय.”

आम्ही ती कॅसेट लावली. तिने दुसऱ्या गाण्यात एका जागी हात वर केला आणि म्हणाली, “ही थाप पप्पांची.” कोणाला पटवून द्यायची गरज नव्हती. तिचा कान आणि घरातली आठवण, दोन पुरावे जमले होते. तिसरा, कागद, तेवढा नव्हता. तो त्या संध्याकाळी आम्हीच केला. वहीच्या पानावर गाण्याचे नाव, अंदाजे साल, वाद्य आणि वादकाचे नाव लिहिले, कोणी सांगितले आणि कोणत्या तारखेला सांगितले तेही लिहिले. आणि कॅसेटच्या पेटीत तो कागद घडी करून ठेवला.

तरुण मित्रांनो, हे काम कोणीही करू शकतो. तुमच्या वस्तीत अजून ढोलकीवाले, बेंजोवाले, कोरसला बसलेल्या बाया आहेत. त्यांच्याकडे कॅसेट घेऊन जा, इअरफोन त्यांच्या कानात द्या, आणि विचारा: इथे कोण वाजवतंय? त्या दिवशी खोलीत आणखी कोण होतं? माईक किती होते, सगळे एकदम वाजवत होते की वेगवेगळे? उत्तर मोबाईलवर रेकॉर्ड करा, त्यांची परवानगी घेऊन. आणि तुम्ही स्वतः यूट्यूबवर गाणे टाकत असाल तर खालच्या माहितीत प्रत्येक वादकाचे, मिक्सिंग करणाऱ्याचे नाव लिहा. त्याला पैसा लागत नाही.

जेमरसन यांचे नाव छापायला कंपनीला बारा वर्षे लागली. त्या मुलीच्या वडिलांचे नाव कागदावर यायला तीसेक वर्षे लागली. ते साठीच्या पुढे आहेत आणि अजून वाजवतात. पुढच्या रविवारी ते आमच्याकडे येणार आहेत. आम्ही त्यांना आधी मार्विन गे यांचे हे गाणे ऐकवणार आहोत आणि तो बेस त्यांना कसा वाटतो ते विचारणार आहोत.